लाखेचा थेंब

लहानपणी बाबांच्या टेबलावर एक मीटर उघडा पडलेला असे. आतल्या एका बारीक स्क्रूवर लाल लाखेचा थेंब. "त्याला हात लावायचा नाही", एवढीच ताकीद. का, ते मला कळलं २००६ साली, आणि चांगलंच महागात पडून!

कंपनीतल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर मी नवं फर्मवेअर चढवलं. सगळं सुरळीत. दोन पाळ्या त्यावर माल तोलला गेला. मग कुणीतरी सहज प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, तर एक किलोचे ९८८ ग्रॅम! प्रोग्रॅम नवा आला होता, पण त्या काट्याचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे आकडे जाऊन तिथे सरसकट आकडे बसले होते. सगळा माल परत तोलला. साहेबांची बोलणी वेगळी.

नंतर जरा इतिहास धुंडाळला. पूर्वी हा घोटाळा होणंच अवघड होतं. कॅलिब्रेशन म्हणजे पिळलेला स्क्रू आणि त्यावर लाख. १९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली. ही काचेची खिडकी असलेली चिप अतिनील प्रकाशाखाली धरली की पुसली जाई. प्रोग्रॅम बदलायचा तर चिपच उपटायची, आकडे दुसरीकडे सुखरूप. १९८०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या एचपी ३४५८ए या नामांकित मीटरमध्येही प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये, तर कॅलिब्रेशन एका वेगळ्या, पोटात बॅटरी असलेल्या चिपमध्ये. ती बॅटरी मेली की आकडेही गेले! म्हणून जाणते मालक आधी चिप वाचून घेतात, मगच नवी बसवतात.

मग आली फ्लॅश. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी क्षणात पुसली जाते, म्हणून हे नाव. स्वस्त, सुटसुटीत. पण खोच अशी की ती पुसायची तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, एकटा आकडा नाही. एकाच चिपमध्ये प्रोग्रॅम आणि कॅलिब्रेशन शेजारी नांदू लागले. आकड्यांना वेगळा ब्लॉक दिला असेल तर ठीक. नसेल तर आकडे उचलायचे, ब्लॉक पुसायचा, परत ठेवायचे. मध्येच लाइट गेली की संपलं. शिवाय नव्या प्रोग्रॅमने आकड्यांची मांडणी बदलली असेल, तर जुने आकडे जागेवर असूनही त्याला वाचता येत नाहीत. आमच्याकडे बहुधा हेच झालं असावं.

प्रोग्रॅम काय, हजार यंत्रांत तोच, पुन्हा मिळतो. हे आकडे मात्र त्या एकाच यंत्राचे. म्हणून आता मी आधी ते दोनदा वाचून ताडून घेतो, यंत्राच्या नंबरासकट जपून ठेवतो, यूपीएस लावतो. आणि अपडेटनंतर प्रमाणित वजन ठेवून पाहिल्याशिवाय काटा कुणाच्या हाती देत नाही.

बाबा मीटर उघडण्याआधी त्याची रीडिंग वहीत लिहून ठेवत. परवा ती वही सापडली. मीटर मात्र कुठेच दिसत नाही. दादा, तुझ्याकडे आहे का रे?