पोलादी कपाटातील फिती

केंब्रिज विद्यापीठाच्या गणित-प्रयोगशाळेत ६ मे १९४९ रोजी एड्सॅक नावाचे संगणकयंत्र पहिल्याने चालले, त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दाखविले, आणि पुढे थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांच्या ध्यानी आले की, यंत्र उभे करण्याइतकेच त्याला बिनचूक हुकूम देणेही दुष्कर आहे. एअरी समीकरण सोडविण्यासाठी त्यांनी लिहिलेल्या अवघ्या १२६ ओळींच्या प्रोग्रॅमात वीसएक चुका निघाल्या. एकाने तपासून शुद्ध केलेले हुकूम दुसऱ्याला आयते मिळावेत, ज्याने त्याने त्याच दगडावर ठेचा खाऊ नयेत, या हेतूने तेथे सबरूटीनांची लायब्ररी आकारास आली; तिचा मोठा भार डेव्हिड व्हीलर या नुकतीच विशी ओलांडलेल्या संशोधक विद्यार्थ्याने वाहिला.

ही लायब्ररी अक्षरशः एका कपाटात राहत असे. पोलादी कपाट, त्याला लहान लहान खण, आणि खणाखणांत छिद्रे पाडलेल्या कागदी फितींच्या गुंडाळ्या. त्रिकोणमितीच्या फितींना टी, छपाईच्या फितींना पी, भागाकाराच्या फितींना डी अशी अक्षरे. हवी ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवावी आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवावी, असा तेथील रिवाज होता.

विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली या विद्येवर पुस्तक प्रसिद्ध केले, तोवर सबरूटीनांची संख्या ८७ वर गेली होती. पुस्तकाच्या पहिल्या भागात प्रोग्रॅम रचण्याची रीत, दुसऱ्यात सबरूटीनांची वर्णने, आणि प्रत्यक्ष हुकूम मात्र तिसऱ्यात, तेही निवडक. वर्णन आणि अंतरंग यांची ही फारकत मला त्या पुस्तकातील सर्वांत दूरदर्शी गोष्ट वाटते. सबरूटीनला काय सोपवावे, उत्तर कोठे मिळेल, स्मृतीतील किती जागा अडेल, कामाच्या ओघात कोणत्या जागा पुसल्या जातील आणि वेळ किती लागेल, एवढा तपशील हाती असला म्हणजे परक्या माणसाला आत डोकावण्याची गरजच उरत नाही.

आणि हे काम सोपे आहे, असा भ्रम त्या मंडळींना कधीच नव्हता. १९५२ साली पिट्सबर्ग येथील परिषदेत वाचलेल्या दोन पानांच्या निबंधात व्हीलर यांनी स्पष्टच नोंदविले की, सबरूटीन लिहून, तपासून झाल्यावरही, आतली रचना ठाऊक नसलेल्याला ती सहज वापरता येईल असे वर्णन लिहिणे बाकी राहते, आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते. लायब्ररीच्या जन्मकाळीच, ती घडविणाऱ्यानेच, ही कबुली देऊन ठेवलेली आहे.

पुढे लायब्रऱ्या कपाटाबाहेर पडल्या. अमेरिकेत १९५५ साली आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढून प्रोग्रॅमांची देवघेव सुरू केली. लिहिणारा एका गावी, वापरणारा दुसऱ्या गावी, आणि दोघांमध्ये दुवा काय तो वर्णनाच्या कागदाचा. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख घालून युनिक्सची पहिली पुस्तिका काढली, तिच्यात नाव, वापरण्याची रीत आणि वर्णन यांच्या जोडीला ज्ञात दोषांसाठीही स्वतंत्र सदर राखून ठेवले. आपल्या कृतीतील वैगुण्य आपणच, तेही रीतसर सदराखाली नोंदविण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

गेल्या वर्षी एका आधुनिक लायब्ररीशी माझी गाठ पडली. तिच्यातील एका फंक्शनला ‘टाइमआउट’ द्यावा लागे, आणि डॉक्युमेंटेशनात त्यापुढे एवढेच लिहिले होते: टाइमआउटची किंमत. मी तीस सेकंदांच्या हिशेबाने ३० दिले. प्रत्येक विनंती पाठविताक्षणीच फसू लागली. जाळ्याची जोडणी तपासली, सर्व्हर तपासला, संध्याकाळची रात्र झाली. अखेर लायब्ररीचे अंतरंग उघडून ओळीमागून ओळ वाचत गेलो, तेव्हा तेथे तो आकडा मिलिसेकंदांत घेतलेला आढळला. दुसऱ्या दिवशी सकाळी, इतर कशालाही हात लावण्याआधी, मी त्या वर्णनात तेवढा एक शब्द घालून दुरुस्ती लायब्ररीच्या कर्त्यांकडे रवाना केली.