नांदगावच्या खडपांवर

१० मार्च २०१८, शनिवार. सकाळ

फाल्गुन वद्य नवमी, म्हणजे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मुरुड तालुक्यातल्या नांदगावात त्या सकाळी मुद्दाम वर बघावं असं काही नव्हतं, आणि हेलिकॉप्टरचा आवाज तर या किनाऱ्याच्या सवयीचाच. १९९३ मध्ये इथून खाली, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली. रायगडच्या किनाऱ्यावर पहारा का हवा, हे तेव्हापासून इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजातली १४ मुलंमुली बुडाली, तेव्हा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी तटरक्षक दलाच्या शोधाकडेच डोळे लावले होते.

दुपार

मुंबईहून निघालेलं तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर रोजच्या गस्तीवर. आत चौघं. सहवैमानिक असिस्टंट कमांडंट पेनी चौधरी, मूळची हरियाणातल्या कर्नालची.

ते दिवस आठवून पाहावेत. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, १९ फेब्रुवारीला, हवाई दलाच्या अवनी चतुर्वेदीने जामनगरहून मिग-२१ लढाऊ विमान एकटीने उडवलं होतं, असं करणारी ती पहिली भारतीय महिला, आणि वर्तमानपत्रांनी तिचे फोटो ठळकपणे छापले होते. नौदलाला पहिली महिला वैमानिक मिळायला अजून पावणेदोन वर्षं होती. पेनी मात्र गाजावाजा न होता, समुद्रावर कमी उंचीवरून उडणारं एकाच इंजिनाचं हेलिकॉप्टर घेऊन ड्यूटीवर होती. मला ही साधी गस्त कुठल्याही विक्रमापेक्षा कमी वाटत नाही. ती रोज करायची असते, आणि सगळं नीट पार पडलं तर त्याची बातमी होत नाही.

चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच अलुएट. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते १९६५ पासून बांधायला घेतलं. नाकापाशी मोठी काच, त्यामागे वैमानिक, डोक्यावर तीन पाती. फिरताना त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११ मीटर भरतो.

बिघाड

मुरुडजवळ तांत्रिक बिघाड झाला आणि उतरावंच लागलं. खाली नांदगावचा किनारा.

तो किनारा मी पायी पाहिलेला आहे. लांबून सगळीकडे मऊ पुळण वाटते, मागे सुरूचं बन. जवळ गेलं की खडपं लागतात. काळा, उंचसखल कातळ, फटींत साचलेलं पाणी, वर चिकटलेली कालवं. कालवाची धार चपलेच्या कडेतूनही पाय कापते. अशा जागी माणूस चालताना दहा वेळा खाली बघतो. तिथे ते हेलिकॉप्टर टेकलं. त्याची मोडतोड झाली, पण चौघंही जिवंत होते. वस्तीवर काही कोसळलं नाही, आग लागली नाही. एवढ्यावर हा घटनाक्रम संपायला हवा होता.

त्यानंतरची सेकंदं

घरातला पंखा बटण बंद केल्यावरही फिरत राहतो, हे आपण रोज बघतो. हेलिकॉप्टरच्या पात्यांचंही तसंच, फक्त ही पाती माणसाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट लांब आणि जड. वेगात असताना ती ताणून सरळ राहतात. वेग उतरला की स्वतःच्या वजनाने टोकाकडून खाली येऊ लागतात. म्हणजे थांबत आलेलं पातं पूर्ण वेगातल्या पात्यापेक्षा खाली असतं. त्यात जमीन सपाट नसेल, यंत्र कलतं उभं असेल, तर एका बाजूला ते आणखी खाली येतं. पाती पूर्ण थांबेपर्यंत आत बसून राहावं, हा साध्या दिवसाचा नियम. पण नुकतंच आदळलेलं यंत्र, टाकीत इंधन, पेट घेईल का याचा भरवसा नाही. अशा वेळी बाहेर पडणं हेच शहाणपण असतं. दोन्ही नियम जीव वाचवण्यासाठीच केलेले आहेत, आणि त्यांच्यामधल्या काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो.

पेनी बाहेर पडत असताना उरलेल्या वेगाने फिरणारं पातं तिच्या हेल्मेटला लागलं.

बाकी तिघं वाचले.

संध्याकाळ

तिला मुंबईला कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात नेलं. नौदलाचं हे रुग्णालय. जखम डोक्याला, गंभीर.

११ ते २६ मार्च

या दिवसांबद्दल वर्तमानपत्रांत जवळजवळ काही नाही. १० तारखेची बातमी आहे, २७ ची आहे. मला मधलेच दिवस सुटत नाहीत. १८ मार्चला गुढीपाडवा होता. रायगडातल्या दारादारांत गुढ्या उभ्या राहिल्या, नांदगावातही. २५ ला रामनवमी झाली. कोळीवाड्यातल्या होड्या जात होत्या, येत होत्या. काशीदला शनिवार-रविवारी पर्यटक येत होते, आणि त्यांच्यावरून गस्तीही चालूच राहिल्या असणार. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांचं कॅलेंडर वेगळं असतं. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना ठाऊक आहे, तिथे डॉक्टर दार उघडून बाहेर येतात त्या वेळांनीच दिवस मोजला जातो. अपघातानंतरचा आठवा दिवस, दहावा, पंधरावा. इतके दिवस तग धरला म्हणजे जगेल, असं मन म्हणू लागतं. ते मन वेडं नसतं.

२७ मार्च, मंगळवार

सतराव्या दिवशी पेनी चौधरी गेली.

कर्नाल पंजाबच्या वाटेवरचं, गव्हाच्या शेतांमधलं शहर. तिथून समुद्र फार लांब आहे. तिथली मुलगी आमच्या किनाऱ्यावर पहारा द्यायला आली होती. मुरुडला जाताना नांदगाव लागलं की मी गाडी थांबवतो आणि ओहोटी असेल तर खडपांपर्यंत चालत जातो. तिथे तिच्या नावाची पाटी माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. कालवं काढणाऱ्या बायका वाकून आपलं काम करत असतात. वरून हेलिकॉप्टर गेलं की त्यांतली एखादी हात कपाळावर धरून, ते दिसेनासं होईपर्यंत बघते.