फत्तेमारी नेमकी कशानं गेली?

मागच्या लेखात टेरेडोच्या कल्ल्यांमधल्या जिवाणूंबद्दल लिहिलं होतं. त्यावर एकानं विचारलं, ‘हे सगळं ठीक, पण याचा रत्नागिरीशी संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज प्रयोगशाळा बाजूला ठेवून थोडा इतिहास. लाकूड मात्र सुटणार नाही, कारण माझा विषयच तो आहे.

तुमच्या घरी जुन्या नोटा जपून ठेवणारं कोणी असेल तर सिंहमुद्रेची जुनी दहा रुपयांची नोट मागून घ्या आणि उलटी करा. मागे शिडाचं जहाज दिसेल. फुगलेली तिरकी शिडं घेतलेली अशी गलबतं आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं माल वाहत होती. कोकणातलं त्यातलं मोठं गलबत म्हणजे फत्तेमारी, काही ठिकाणी पत्तेमारी. जुन्या पोर्तुगीज-इंग्रजी कागदांत ‘पत्तमार’ हा शब्द पायी टपाल नेणाऱ्या जासुदासाठीही येतो.

1834 मध्ये जॉन एडी या इंग्रज जहाजबांधणी तज्ज्ञानं हिंदुस्थानातल्या नौकांवर एक निबंध लिहिला. तो त्रिंकोमालीच्या गोदीत काम केलेला माणूस, त्यामुळे मोजमापं घेऊनच बोलतो. मोठी फत्तेमारी त्यानं साडेशहात्तर फूट लांब, पंचवीस फूट रुंद आणि सुमारे 200 टन माल नेणारी अशी नोंदवली आहे. युरोपातल्या लहान स्कूनरच्या तोडीचं हे जहाज. डोलकाठ्या पुढे झुकलेल्या, नाळ लांब आणि निमुळती. तळाचा कणा सरळ नाही, मध्यभागी किंचित वर उचललेला. फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवत नसत. कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवायची आणि मध्ये कापूस नि राळ ठासायची. लाकूड भिजून फुगलं की सांधा आणखी घट्ट होतो. पॉलिमर शिकलेल्या माणसाला हे बघून जरा लाजच वाटते.

1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये इथल्या नौकांची माहिती आहे. वाफेच्या बोटी तोवर मुंबई-कोकण फेऱ्या मारू लागल्या होत्या, आणि ‘आगबोट आली नि गलबत संपलं’ असं आपण सहज म्हणून टाकतो. तसं झालं नाही. आगबोटीनं माणसं नेली. माल बराचसा शिडावरच राहिला, कारण आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि फत्तेमारी भरतीबरोबर खाडीत शिरायची. वाशिष्ठीतून गोवळकोटला, शास्त्रीतून संगमेश्वरच्या दिशेनं, इकडे राजापूरच्या खाडीत. ओहोटीला चिखलात बसली तरी हरकत नाही. नारळ, सुंभ, मीठ, सुकी मासळी, जळाऊ लाकूड, भात, सगळं हिच्या पोटात. कोकणातल्या घरांवरची मंगळुरी कौलं घ्या. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला. कौलं जड आणि ठिसूळ. ती घाटरस्त्यानं बैलगाडीतून आणायची म्हटलं तर किती शाबूत राहिली असती? ती आली समुद्रानं.

आता लाकडाकडे वळतो.

टेरेडोला आपण किडा म्हणतो, पण तो शिंपल्यांचा भाऊबंद. त्याची अळी मिलिमीटरपेक्षाही लहान. टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून फळीत शिरते आणि मग आतल्या आत वाढत जाते. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आत मात्र चाळण झालेली. आम्ही संशोधनासाठी लाकडाच्या पट्ट्या खाडीत टांगतो. आंब्याचं, सावरीचं साधं लाकूड काही महिन्यांत हातानं चुरगळता येतं. साग बराच टिकतो, पण सागालाही कायमचं अभय नाही.

मग फत्तेमारी वर्षानुवर्षं टिकायची कशी? माझ्या मते याचं उत्तर पावसाळ्यात आहे. मे संपता संपता गलबत किनाऱ्यावर ओढायचं, झावळ्यांनी शाकारायचं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तसंच ठेवायचं. वादळातून वाचावं म्हणून हे करत, हे तर उघडच आहे. पण टेरेडोला पाण्यातून काढून दोन-तीन महिने कोरड्यावर ठेवलं की तो मरतो. दोन-चार दिवसांनी भागत नाही, कारण भोकाचं दार आतून बंद करून तो बरेच दिवस तग धरतो. म्हणजे कोकणच्या पावसानं सक्तीची सुट्टी दिली, तीच गलबताचं औषध ठरली. मग पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप, वरच्या भागाला मासळीचं तेल. काजूच्या टरफलाचं तेलही वापरत. त्यातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्लाचं आणि कार्डोलचं काम काय, हा माझ्या प्रबंधातला एक अख्खा भाग आहे, तूर्त वाचवतो तुम्हाला.

या सगळ्याला दरवर्षी पैसा लागतो. तेल, चुना, कापूस, बदलायच्या फळ्या, सुताराची मजुरी. भाडं मिळतंय तोवर नाखवा हा खर्च करतो. पण खाड्या गाळानं भरत गेल्या, वरची बंदरं गलबतांना दुरावली. नद्यांवर पूल झाले, मालट्रक थेट दुकानाच्या दारात माल उतरवू लागला. काही गलबतांनी शीड उतरवून इंजिन बसवलं, तीही लढाई फार काळ चालली नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तोवर शिडाच्या मालवाहतुकीचा निकाल केव्हाच लागला होता.

भाडं घटलं की नाखवा पहिली काटछाट लेपात आणि तेलात करतो. ‘या वर्षी राहू दे, पुढल्या वर्षी बघू.’ हिशेबाच्या दृष्टीनं त्याचं चूक नाही. पण टेरेडो पुढल्या वर्षापर्यंत थांबत नाही. म्हणून मला वाटतं, बरीचशी गलबतं वादळात गेलीच नसतील, ती दुरुस्तीअभावी खाडीच्या कडेला कुजली. बुडालेल्या जहाजाची निदान बातमी तरी होते.

2020 च्या निसर्ग वादळात मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलेलं ‘बसरा स्टार’ आठवतंय ना? पोलादी सांगाडा, वर्षानुवर्षं तिथंच गंजत पडला, लोक फोटो काढायला जात. लाकडी गलबत असं पुरावा म्हणून पडून राहत नाही. गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष मिळाले: तोफा, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी. स्वीडनचं ‘वासा’ 1628 मध्ये बुडालं आणि 1961 मध्ये जवळपास अखंड वर आलं. बाल्टिकचं पाणी त्या भागात इतकं कमी खारट आहे की टेरेडो तिथं जगत नाही. आपलं पाणी उबदार नि खारट, त्याच्यासाठी पंगतच.

साग मात्र टिकू शकतो, निगा राखली तर. 1817 मध्ये मुंबईत वाडियांनी मलबारी सागाचं बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. ते लढाऊ जहाज, त्यामागे आरमार होतं आणि पुढे दुरुस्तीला निधीही मिळाला. कौलं नि नारळ वाहणाऱ्या फत्तेमारीला कोण निधी देणार?

आता एक विनंती. जयगड, दाभोळ, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग या बाजूच्या कोणाच्या घरी नाखव्याची किंवा व्यापाऱ्याची जुनी हिशेबाची वही असेल, तर कृपया रद्दीत घालू नका. भाड्याच्या आकड्यांपेक्षा मला तेल, चुना, कापूस, राळ यांवरचा खर्च हवा आहे, वर्षवार. तो कोणत्या साली अचानक कमी होतो, ते बघायचंय. मोबाइलवर काढलेले पानांचे फोटोही चालतील, मोडी असली तरी चालेल.