एकलकोंडा नायक कसा झाला

प्रेमकथेतला एकलकोंडा माणूस मुळात नायक नव्हताच. तो वाटेतली धोंड होता. मेनँडरच्या ‘डिस्कोलोस’ला इ. स. पूर्व 316 मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. त्यातला म्हातारा क्नेमोन खडकाळ रानात शेती करतो, बायको कधीच सोडून गेलीय, कुणी जवळ आलं की तो ढेकळं फेकतो. त्याच्या मुलीवर भाळलेला श्रीमंत घरचा पोरगा सासऱ्याची मर्जी राखायला चक्क कुदळ हाती घेतो. शेवटी क्नेमोन विहिरीत पडतो आणि सावत्र मुलगा त्याला बाहेर काढतो. मग कुठे तो मुलीची जबाबदारी त्या मुलावर सोपवतो. एवढ्यावर भागत नाही. लग्नाच्या मेजवानीत स्वयंपाकी आणि गुलाम त्याला बळेच नाचवतात. इजिप्तमधल्या पपायरसवरून ही जवळजवळ पूर्ण संहिता 1958 साली प्रसिद्ध झाली. ती वाचताना त्या नाचाशी मी दर वेळी अडखळतो. म्हाताऱ्याला एकटं का राहावंसं वाटलं, हे त्या नाचणाऱ्यांपैकी कुणीच विचारत नाही.

बेन जॉन्सनने 1609 मध्ये हीच थट्टा आणखी कठोर केली. त्याच्या मोरोजला आवाज सोसत नाही, म्हणून तो अबोल बायको शोधतो आणि लग्न लागताच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. मोलिएरने 1666 मध्ये माणसांना विटलेल्या आल्सेस्तलाच प्रेमात पाडलं. पण सेलिमेन त्याच्याबरोबर जगापासून दूर जायला तयार होत नाही आणि तो एकटाच निघतो.

विसाव्या शतकात मात्र पारडं फिरलं. माझ्या मते ते शहरांनी फिरवलं, कारण तिथे रानात न जाताही माणूस एकटा पडू लागला. 1924 च्या ‘गर्ल शाय’मध्ये हॅरॉल्ड लॉइडचा शिंप्याचा शागीर्द मुलींसमोर तोतरा होतो आणि घरी बसून प्रेमाच्या युक्त्यांवर पुस्तक लिहितो. पॅडी चायेफ्स्कीचा ‘मार्टी’ 1953 मध्ये टीव्हीवर आणि 1955 मध्ये पडद्यावर आला. ब्राँक्समधला हा चौतिशीचा खाटीक आईच्या आग्रहाने नाचघरात जातो आणि तिथे नाकारल्या गेलेल्या शिक्षिकेशी बोलत बसतो. या प्रेमपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं.

आपल्याकडे ही वंशवेल इंग्लंडमार्गे पोचली. स्टीफन पॉटरच्या कुरघोडीच्या विनोदी पुस्तकांवरून 1960 मध्ये ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ निघाला आणि त्यावरून बासू चटर्जींनी 1976 चा ‘छोटी सी बात’ केला. मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आलेल्या अमोल पालेकरांचा अरुण बसस्टॉपवर रोज प्रभाला पाहतो, पण तोंड उघडत नाही. धिटाई शिकायला तो खंडाळ्याच्या कर्नलकडे जातो. मला शिकून आलेल्या अरुणपेक्षा बसस्टॉपवरचा अरुण अधिक प्रिय आहे. पालेकरांची ती अवघडलेली मान कुठल्याही शिकवणीहून मोलाची आहे.

झाँ-पिएर झनेच्या 2001 च्या ‘अमेली’त ही शिकवणीच नाही. अमेली दुसऱ्यांची आयुष्यं गुपचूप सावरते आणि आवडत्या निनोसमोर यायची वेळ आली की लपते. तिला पुढे ढकलतो तो शेजारचा दुफायेल. ठिसूळ हाडांमुळे तो वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेला नाही, रेन्वाचं एकच चित्र पुन्हा पुन्हा रंगवतो. तिची हाडं काही काचेची नाहीत, हे तो तिला व्हिडिओवरून सांगतो आणि ती दार उघडते. मला ही निवड फार खरी वाटते. मित्रमंडळींत रमणाऱ्या कुणी हेच सांगितलं असतं, तर अमेलीने ऐकलं नसतं.