काशीची विहीर, गुरेझचा पाला

वाराणसीला पोस्टिंग आलं की घरून याद्या सुरू होतात: गंगाजल, साडी, विश्वनाथाचा प्रसाद. माझ्या स्वतःच्या यादीत एक विहीर होती. दारानगरच्या मृत्युंजय महादेव मंदिरात धन्वंतरी कूप आहे. त्याचं पाणी औषधी, अशी श्रद्धा. लोक पितात, बाटल्या भरून नेतात. मीही प्यालो आणि आठवला तो गुरेझचा पाला.

तिथे आमच्या पोस्टखालच्या उतारावर उन्हाळ्यात एक रोपटं उगवायचं. पानं पिसासारखी बारीक कातरलेली, वर पांढऱ्या फुलांचे चपटे गुच्छ. आमच्या पोर्टरचं बोट पत्र्याने कापलं, त्याने पाला चुरगळून दाबून धरला. रक्त थांबलं. पुढे दोन आठवड्यांनी लाकूड फोडताना एका जवानाची कुऱ्हाड निसटून नडगीत बसली. आणि मी शहाणा पाला खुडायला वाकलो! नर्सिंग असिस्टंटने मला अक्षरशः बाजूला ढकललं. "साब, पत्ती बाद में. पहले प्रेशर."

ती वनस्पती म्हणजे यॅरो. युनानीत बिरंजासिफ, आणि एकोणिसाव्या शतकातल्या औषधी-ग्रंथांत मुंबईच्या बाजारातलं नाव रोजमारी. शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. अकिलिया हे अकिलीसवरून: त्याने सैनिकांच्या जखमांवर ती वापरली, अशी ग्रीक दंतकथा. होमरच्या 'इलियड'मध्ये पॅट्रोक्लस जखमी साथीदाराच्या मांडीतला बाण काढून कडू मुळी चोळतो आणि रक्त थांबतं. मुळीचं नाव होमर देत नाही; ती यॅरोच, हे नंतरच्यांनी ठरवलं. लॅटिनमध्ये तर तिला सरळ 'सैनिकांची वनस्पती' म्हणत.

सगळंच दंतकथा नाही. 1954 साली अमेरिकन संशोधकांनी यॅरोतल्या अकिलीन या द्रव्याने सशांमध्ये रक्त गोठण्याचा वेळ कमी झाल्याचं नोंदवलं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने परंपरागत वापर म्हणून तिला भूक मंदावणं, पोटातले आणि पाळीतले किरकोळ पेटके, वरवरच्या छोट्या जखमा एवढ्यासाठी मान्यता दिली आहे. शेवंतीच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असेल, तर तीही नाही. म्हणजे पोर्टरच्या बोटासाठी ठीक. नडगीसाठी नाही.

आता काशी. परंपरा सांगते की काशीराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला शल्यविद्या शिकवली. सुश्रुतसंहितेत यॅरो मला सापडली नाही. सापडलं ते अधिक उपयोगाचं. रक्त थांबवण्याचे चार उपाय दिले आहेत: तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडं सांधणं, थंडाव्याने रक्त गोठवणं, भस्माने पाचन आणि शेवटी डाग देऊन शिरा आकसवणं. लोध्र, ज्येष्ठमध, प्रियंगू, गेरू, राळ यांची पूड जखमेवर भुरभुरायची, बोटाने दाबायची, वर बांधायचं. म्हणजे पुडीबरोबर दाबही आलाच! आधीच्या उपायांनी भागलं नाही, तरच डाग. माझा गोंधळ नेमका या क्रमात झाला होता. मी वनस्पती पाहिली, रक्त किती जोरात वाहतंय ते पाहिलं नाही.

याच ग्रंथात 'युक्तसेनीय' नावाचा अध्याय आहे, मोहिमेवरच्या सैन्याच्या वैद्याचा. छावणीत वैद्याचा मुक्काम राजाच्या निवासालगत, सगळी साधनं जवळ. त्याची कीर्ती ध्वजासारखी उंच, म्हणजे विषाने वा शल्याने पीडित माणूस न चुकता त्याच्यापर्यंत पोहोचेल. रेजिमेंटल एड पोस्ट कुठे उभारायची यावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हा अध्याय वाचावा. शत्रू पाणी, चारा, सरपण विषारी करील, हा इशाराही तिथेच आहे.

गल्लीतल्या युनानी दुकानात मी बिरंजासिफ मागितलं. म्हाताऱ्या दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "किसके लिए?" मला सांगता येईना. पुडी अजून टेबलावर आहे, वास कडवट, कापरासारखा.

त्या जवानाला अकरा टाके पडले. आता तो निवृत्त आहे. दर दिवाळीला फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "साब, पत्ती मिली क्या?"