अधिनियम : वाचन आणि शोध

संसदेने किंवा राज्य विधिमंडळाने संमत केलेला आणि राष्ट्रपतींची वा राज्यपालांची संमती मिळालेला कायदा म्हणजे अधिनियम. तो शोधताना नावापेक्षा वर्ष आणि क्रमांक भरवशाचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता म्हणजे ‘१९६६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ४१’. नावे बदलतात. राज्यातील अनेक जुन्या अधिनियमांच्या नावांतील ‘मुंबई’ जाऊन तेथे २०१२ मध्ये ‘महाराष्ट्र’ आले. त्यामुळे १९४८ चा कूळकायदा जुन्या निकालांत एका नावाने आणि नव्या पुस्तकांत दुसऱ्या नावाने सापडतो.

हवे ते कलम उघडून तेवढेच वाचण्याची सवय घातक आहे. पहिल्या कलमात संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ असतो, तर दुसऱ्यात बहुधा व्याख्या. महसूल संहितेच्या व्याख्येप्रमाणे ‘जमिनी’त तिला कायम जोडलेल्या वस्तूही येतात. कलमाच्या पोटात पोटकलमे, खंड, स्पष्टीकरण आणि परंतुक. यांतले परंतुक सर्वांत जास्त डावलले जाते. याच संहितेचे कलम १४९ म्हणते, की जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे. परंतुक मात्र नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळालेल्याला या बंधनातून सोडते. म्हणजे खरेदीखतवाल्याला एक न्याय आणि वारसाला दुसरा. सगळे अधिनियमातच मिळते असेही नाही; सातबाऱ्याचा नमुना पाहायचा तर संहितेखालचे १९७१ चे नियम उघडावे लागतात. शासन निर्णय अधिनियमाच्या किंवा नियमांच्या वर नसतो, कार्यालयात तोच आधी पुढे केला जात असला तरी.

छापलेले प्रत्येक कलम अमलात असतेच असे नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण प्रारंभाच्या अधिसूचनेतून कलम १०६(२) वगळले होते. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला १८६० ची दंड संहिताच लागते. म्हणून प्रश्न ‘कायदा काय आहे’ एवढा नसून ‘त्या दिवशी काय होता’ असा असतो. दुरुस्तीने आलेले शब्द चौकटी कंसात आणि त्यांचा इतिहास तळटीपेत मिळतो. ४२-अ, ४२-ब अशी अक्षरे लागलेली कलमेही मागाहून घातलेली.

केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम इंडिया कोड या शासकीय संकेतस्थळावर मोफत मिळतात. मूळ प्रसिद्धी राजपत्रात होते. राज्याचा अधिनियम मराठीत असला, तरी संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राजपत्रातला इंग्रजी अनुवाद हा त्याचा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानतात.

शेवटी निकाल तपासावे लागतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले, आणि ते थांबवण्याचे निर्देश न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावे लागले.