यात्रेचा बाजार आणि दाताची भाषा

देवाची यात्रा म्हटली की पालखी, कुस्त्यांचा फड आणि जनावरांचा बाजार ही आलीच. खरसुंडीचा सिद्धनाथ, पुसेगावचे सेवागिरी महाराज, सोलापूरचे सिद्धेश्वर, माळेगावचा खंडोबा या यात्रांत देवदर्शन आणि बैलांची खरेदी एकाच फेरीत होत आली. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्या बाजाराच्या भाषेचीही नोंद राहावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

पूर्वी जनावराला जन्मदाखला नसे. वय ठरे ते दातावरून. गाय-बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि ते आठ. सगळे दात दुधाचेच असतील तर जनावर ‘आदत’. दोन पक्के दात आले की ‘दुसा’. वय सुमारे दोन-अडीच वर्षे. चार आले की ‘चौसा’, वय तीनच्या आसपास. पुढे ‘सहादाती’, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात पुरे झाले की ‘जुळीक’.

या शब्दांत नुसते वय नव्हते, तर जनावर कोणत्या कामाला तयार आहे हेही होते. आदत खोंड घेणारा उमेद विकत घेई; त्याला वाट पाहणे भाग असे. दुसा-चौसा घेणारा औताला शिकवून पुढची कित्येक वर्षे धरून चाले. ज्याची पेरणी तोंडावर आली आहे, तो शिकलेली जुळीक जोडी शोधी. दात झिजलेले दिसले की भाव उतरे. गाई-म्हशींतही तसेच. कालवड, वगार, गाभण, पहिलारू, दुसऱ्या वेताची, दुभती, भाकड या एकेका शब्दावरून घरात दूध केव्हा येणार याचा अंदाज बांधता येई.

दलाल सौदा करीत तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. दर झाकलेला, परंतु दात मात्र उघड! ज्याला अक्षरओळख नव्हती, असा शेतकरीही जनावराचे तोंड उघडून विकणाऱ्याचा शब्द पारखून घेई. वर्षाची सारी पुंजी एका जोडीत घालणाऱ्याला हीच काय ती हमी होती.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. २०२२ साली लंपी रोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. नोंदीच्या दृष्टीने ही सोय उत्तमच. परंतु बिल्ल्यावरचे बारा अंक जनावराची ओळख सांगतात, त्याची तयारी दातच सांगतो. २०१४ साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्यता कायम केली. त्या शर्यतींच्या घाटावर ‘आदत’ आणि ‘दुसा’ हे शब्द आजही तरुणांच्या तोंडी ऐकू येतात.

परंतु शब्द तोंडी असणे वेगळे आणि दात पाहता येणे वेगळे. गावातील बुजुर्गांनी यात्रेच्या निमित्ताने एखाद्या दावणीशी मुलांना उभे करून ही विद्या त्यांच्या हाती द्यावी, एवढी नम्र विनंती करून हे लेखन पुरे करतो.